आंटींचं 'कुर'

आंटी घाबरल्या की त्यांचं इंग्रजी पळून जायचं.

एरवी त्या इंग्रजी छान बोलायच्या. तरुणपणी आयर्लंडहून टोरोंटोला आल्या, कोट शिवायच्या कारखान्यात नोकरी केली, लग्न केलं ते एका इटालियन गवंड्याशी. दोघांमध्ये इंग्रजी हीच काय ती सामाईक भाषा, त्यामुळे तिच्याशिवाय घर चाललंच नसतं. पण आभाळ गडगडलं, रस्त्यावरून फायर ट्रक ओरडत गेला किंवा वाऱ्याने नुसतं दार आपटलं, की आंटींच्या तोंडून त्यांची आयरिश बाहेर पडायची. मग पुढची काही मिनिटं त्या पोस्टमनशी, शेजाऱ्यांशी, माझ्याशी, सगळ्यांशी तीच भाषा बोलायच्या. समोरच्याला त्यातलं काही कळत नाहीये हे त्यांच्या लक्षातही यायचं नाही.

आणि आंटी फार घाबरायच्या. अंगाने उंच, हाडापेराने मजबूत, पायात उन्हाळ्यातसुद्धा पुरुषी रबरी बूट. अशी बाई कशाला घाबरत असेल असं वाटावं. पण घराच्या प्रत्येक दाराशी त्यांनी पवित्र पाण्याची बाटली ठेवली होती, आणि त्यातलं निम्मं पाणी विमानांवर खर्च व्हायचं. आमचं घर टोरोंटोच्या एटोबिकोत, एअरपोर्टच्या वाटेवर. विमान उतरायला खाली आलं की आंटी अंगणात धावत जाऊन आभाळाकडे पाणी शिंपडायच्या. माझ्या नवऱ्याने एकदा हसत विचारलं, "आंटी, एवढ्या वर पोचतं का ते?"

"पोचायची काय गरज आहे?" त्या म्हणाल्या. "आत माणसं असतात. कुणीतरी खालून काहीतरी करायला नको?"

नवरा तिथेच, एअरपोर्टच्या कार्गोत काम करायचा. त्यानंतर तो त्यावर कधी हसला नाही.

आम्ही वसईचे. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात आंटींच्या बेसमेंटमध्ये राहायला आलो. चर्चच्या नोटीस बोर्डवर त्यांनी चिठ्ठी लावली होती. बेसमेंट रिकामं आहे, भाडेकरू कॅथलिक असावा आणि त्याने शीळ घालू नये. शिळेचं कारण मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. शिळेने वारा येतो, त्या म्हणाल्या, आणि वारा आला की होड्या परत येत नाहीत. एटोबिकोत कुठल्या होड्या, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी 'बरं' म्हटलं.

मी त्यांना आंटी म्हणायचे. "मी तुझी आंटी कशी?" असं त्या सुरुवातीला म्हणायच्या. नंतर चर्चमध्ये कुणी ओळख विचारली, तर स्वतःच सांगायला लागल्या, "मी हिची आंटी."

मागच्या अंगणात त्यांनी बटाटे लावले होते आणि त्या बटाट्यांशी आयरिशमध्ये बोलत. तिथेच मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. कुर. मी दोरीवर कपडे घालत होते आणि त्या वाफ्यात वाकून काहीतरी पुटपुटत होत्या. त्यात कुर, कुर असं सारखं येत होतं. म्हटलं, "आंटी, कुर म्हणजे काय?"

त्या सरळ उभ्या राहिल्या. इतक्या आनंदाने, की मीच दचकले. या देशात आल्यापासून त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

"कुर म्हणजे लावणे. बटाटे लावणे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "कुर म्हणजे पाठवणे. पत्र पाठवणे." मग, "अंगात कोट घालणे, तेही कुर. पाण्यात जाळं टाकणे, कुर. प्रश्न विचारणे, कुर. घाम येतो ना, तोही कुर. उलटी, कुर. पाऊस पडतोय, कुर. बर्फ पडतोय, कुर."

"सगळ्याला एकच?"

"इंग्रजीत दर कामाला वेगळा शब्द असतो. म्हणून इंग्रज माणसाला वाटतं, कामंही वेगवेगळी आहेत," आंटी म्हणाल्या आणि पुन्हा वाफ्यात वाकल्या.

तेव्हापासून त्या येताजाता मला कुरचे अर्थ सांगायच्या. मी त्या दिवसांत नोकऱ्यांना अप्लाय करत होते. कुठूनच उत्तर येत नव्हतं. मी तोंड पाडून बसले की जिन्यावरून आवाज यायचा, "आज कुठे कुर केलंस?" कारण नोकरीसाठी अर्ज करणे यालाही त्यांच्यात कुर, फक्त त्याला पुढे एक शेपूट. गंमत म्हणजे तेच शेपूट लावून दुसरा अर्थ होतो, एखाद्याला त्रास देणे. "आमची माणसं शहाणी," त्या म्हणायच्या, "अर्ज करणं आणि लोकांना छळणं यात त्यांनी फरकच ठेवला नाही." शेवटी एका फार्मसीच्या काउंटरवर मला काम मिळालं, तेव्हा माझ्याआधी त्यांनीच ते सगळ्या गल्लीला सांगितलं.

आमच्या घरी वसईला कादोडी बोलतात. ती तर इथे बोलायला नवऱ्याशिवाय कुणी नाहीच. पण साध्या मराठीतसुद्धा कुरसारखं काही आहे का, म्हणून मी एकदा विचार करायला लागले आणि मला 'घालणे' सापडलं. त्या संध्याकाळी आंटींबरोबर भांडी घासताना मी म्हटलं, आमच्यातही आहे. आम्ही कपडे घालतो, झाडाला पाणी घालतो, पाहुण्याला जेवायला घालतो. कोंबडी अंडी घालते. शीळसुद्धा घालतात, पण या घरात नाही.

त्या हसल्या नाहीत. लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि भीती?"

"भीतीपण घालतात. एखाद्याला भीती घालणे."

"आमच्यातही भीती कुरच करतात," त्या म्हणाल्या. "आणि माणूस गेला की? त्याला काय करता?"

"त्याला पुरतात. तो शब्द वेगळा आहे. पण सगळे मूठभर माती घालतात."

"घालतात," आंटी हळूच म्हणाल्या. घालतात हा शब्द त्यांनी मराठीत म्हटला, अगदी स्वच्छ. मग भांडी तशीच टाकून आपल्या खोलीत निघून गेल्या. मला वाटलं, त्यांना वारलेल्या नवऱ्याची आठवण झाली असेल.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले.

ऑक्टोबरात, पोट दिसायला लागायच्या जरा आधी, मी ही बातमी आंटींना सांगायला वर गेले. वसईहून आईने सांगितलं होतं, घरातल्या मोठ्या माणसाला आधी सांग. इथे आमचं मोठं माणूस म्हणजे त्याच. मी सांगितलं. आंटींनी हातातला कप खाली ठेवला आणि बटाट्यांशी बोलायच्या त्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंच नाही. मी थोडा वेळ उभी राहिले आणि खाली आले.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. जिन्यावरून हाक नाही, कुर नाही, काही नाही. नवरा म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला घरात लहान मूल नको असेल. रडणं, आरडाओरडा. दुसरी जागा बघायला लागेल." हिवाळा तोंडावर आलेला, तरी मी चर्चच्या नोटीस बोर्डवरच्या चिठ्ठ्या वाचायला लागले. पण त्या जा असंही म्हणत नव्हत्या. उलट, मी बेसमेंटमध्ये जिथे जाईन तिथे वर, बरोबर माझ्या डोक्यावर, त्यांची पावलं यायची. मी किचनमध्ये, तर पावलं किचनवर. मी वॉशरूममध्ये गेले, तर पावलं तिथे येऊन थांबायची आणि मी बाहेर पडेपर्यंत हलायची नाहीत. एकदा मी जिन्याचं दार अचानक उघडलं. आंटी वरच्या पायरीवर बसून खाली कान लावून ऐकत होत्या. आमची नजरानजर झाली. त्या उठल्या आणि आत गेल्या.

मी नवऱ्याला म्हटलं, "मला या बाईची भीती वाटायला लागलीय."

"तुझे हार्मोन्स आहेत," तो म्हणाला. त्यानेही ते वाक्य कुणाकडून तरी ऐकलेलं असावं.

नोव्हेंबरात एक दिवस मी सोफ्यावर पडले होते. बेसमेंटची खिडकी जमिनीच्या पातळीवर, त्यामुळे बाहेरच्या माणसाचे फक्त पाय दिसतात. आंटींचे रबरी बूट दिसले आणि फावडं. बटाटे काढून कधीचे झाले होते. तरी त्या खणत होत्या, वाफ्याच्या कडेला, कुंपणाशी. बराच वेळ माती उडत राहिली. त्या आत गेल्यावर मी कोट चढवून बाहेर जाऊन बघितलं. खड्डा होता. लांबट, चारी बाजूंनी नीट तासलेला, माझ्या हातभर लांबीचा असेल. पण खोल. आणि वर झाकायला एक फळी टाकलेली.

मी वर बघितलं. किचनच्या खिडकीत आंटी उभ्या होत्या.

"आंटी, इथे काय लावणार?" मी ओरडून विचारलं. विचारायचं होतं ते हे नव्हतं, पण तेवढंच तोंडातून निघालं.

त्यांनी खिडकी वर सरकवली. "काही नाही," त्या म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी मी त्यांचा आवाज ऐकत होते. "तू तिकडे जाऊ नकोस. पाय घसरेल."

नवरा म्हणाला, कम्पोस्टचा खड्डा असेल. मीही तसंच म्हणत राहिले. मग बर्फ पडलं आणि फळी दिसेनाशी झाली. त्या वर्षीचं बर्फ ज्यांनी फावड्याने शोव्हल केलंय त्यांना ते विसरता यायचं नाही. पण खड्डा कुठे आहे हे मला माहीत होतं, आणि कचरा टाकायला जाताना मी अंगणाच्या दुसऱ्या कडेने जायचे.

फेब्रुवारीत, आठवा महिना लागून थोडेच दिवस झाले होते, तेव्हा ते झालं. सकाळपासून बाहेर स्नोस्टॉर्म होतं. नवरा पहाटेच्या शिफ्टला गेलेला, विमानं बंद पडलेली, रस्ते बंद पडलेले. त्याचा फोन आला की मी इथेच अडकलोय, संध्याकाळपर्यंत बघू. माझ्या कमरेत कळा येत होत्या. मला वाटलं, आदल्या दिवशी ड्राइव्हवेवर जरा शोव्हल केलं त्याने असेल. दुपारी वॉशरूममध्ये गेले तर रक्त.

मी जिना चढले. कसा ते मला आठवत नाही. वरच्या किचनमध्ये आंटी स्टोव्हपाशी होत्या. त्यांनी माझ्या गाऊनकडे पाहिलं आणि पांढऱ्या पडल्या. मी खुर्ची धरली आणि तिथेच लिनोलियमवर खाली बसले.

"फोन," मी म्हटलं. "नाइन वन वन."

त्यांनी फोन लावला. तेवढं त्यांना जमलं. पलीकडून बाईचा आवाज आला, मला खालीही ऐकू येत होता, काय झालंय म्हणून विचारणारा. आंटी ओरडल्या, "ताऽ शी अ कुर फोला!"

"मॅडम? इंग्लिश प्लीज."

"अ कुर फोला! अ कुर फोला!"

फोला म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण कुर माहीत होतं आणि माझ्याखाली काय पसरत होतं तेही दिसत होतं. मी जमिनीवरून किंचाळले, "ब्लीडिंग! आय ॲम ब्लीडिंग! बेबी इज कमिंग!" पत्ता मीच ओरडून सांगितला. आंटींनी फोन स्पीकरवर टाकून माझ्या डोक्याशी ठेवला आणि पुढचं सगळं त्या आवाजाने केलं. इंग्रजी बोलता येत नव्हतं तरी आंटींना ते कळत होतं. टॉवेल आणा म्हटल्यावर टॉवेल आले. गुडघे वर धरा म्हटल्यावर त्यांच्या हातांनी माझे गुडघे धरले. ते सुटले नाहीत. तोंड सारखं चालू होतं, आयरिशमध्ये. ती प्रार्थना होती की शिव्या, देव जाणे. ॲम्ब्युलन्स निघाली आहे, ती बाई म्हणत राहिली. खिडकीबाहेर पांढऱ्याखेरीज काही दिसत नव्हतं.

मूल आलं. आंटींच्या हातांत आलं. मुलगी होती, जांभळी, ओली, माझ्या तळहाताएवढी वाटली. आणि आवाज नाही.

ती रडायची वाट बघत मी मान उचलून पडले होते. फोनमधली बाई काहीतरी सांगत होती. आंटींनी मुलीला एका हातावर घेतलं, सिंकचा नळ सोडला, कपात पाणी घेतलं आणि तिच्या डोक्यावर ओतलं.

मी कॅथलिक आईबापांच्या पोटची. घाईघाईने, पाद्री नसताना, बाप्तिस्मा म्हणून नळाचं पाणी कुठल्या बाळाच्या डोक्यावर घालतात हे वसईत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जे जाणार असतं त्याच्या. तेव्हा मी जी भीती अनुभवली ती मला लिहिता येणार नाही. रक्ताची नव्हती, स्वतःची नव्हती. त्या बाईने माझ्या मुलीला मेलेलं समजून तिचं उरकून टाकलं होतं.

माझंही इंग्रजी गेलं. "पुस तिला!" मी कादोडीत ओरडले, मराठीत ओरडले. "आंटी, पुस तिला! जोराने पुस!"

आंटींना मराठीतला एकच शब्द येत होता आणि तो हा नव्हता. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं, कप टाकला, टॉवेल उचलला आणि मुलीची पाठ चोळायला लागल्या, कपडा धुवायला घासावा तशी. चोळत राहिल्या, चोळत राहिल्या. मग मांजराच्या पिल्लासारखा बारीकसा आवाज आला. पुन्हा आला. मग ती रडली.

फायर ब्रिगेडची माणसं बर्फ तुडवत आत आली तेव्हा आंटी जमिनीवर बसल्या होत्या, मुलगी त्यांच्या दोन स्वेटरांच्या आत. त्या कुणाला द्यायलाच तयार नव्हत्या. एका उंच माणसाने गुडघ्यावर बसून हळू आवाजात समजावलं, तेव्हा कुठे दिली.

मुलीला हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं. धोका टळला आहे, फक्त वजन भरायचंय, असं डॉक्टर म्हणाले. थोड्या दिवसांनी मला घरी सोडलं, तिला नाही. मी रिकाम्या हाताने जिन्याशी आले तर आंटी दारात उभ्या. त्या एकदाही हॉस्पिटलात आल्या नव्हत्या. नवऱ्याने दोनदा गाडीतून न्यायची तयारी दाखवली, तरी नाही.

त्यांनी मला किचनमध्ये बसवलं, पुढ्यात चहा ठेवला. जमीन घासून लख्ख केलेली होती. मी विचारलंच. इतक्या दिवसांत धीर झाला नव्हता.

"आंटी, तो खड्डा कशाचा?"

"कॅनडात हिवाळ्यात जमीन दगड होते," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीत कुणाला खणता येत नाही. म्हणून आधीच खणून ठेवला."

मी कप खाली ठेवला.

"मला माहीत आहे," त्या घाईने म्हणाल्या. "इथे हॉस्पिटल आहे, सिमेट्री आहे, अंगणात कुणी पुरत नाही. मी वेडी नाही, बाळ. पण हे हात ऐकत नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. समुद्राकाठचं त्यांचं गाव. त्या सहा-सात वर्षांच्या. आईला मुलगा झाला, दोन-चार श्वास घेतले त्याने. दाई पाणी आणायला वळली तेवढ्यात गेला. बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला तेव्हा चर्चच्या जमिनीत जागा मिळत नसे. त्याचं नावसुद्धा ठेवत नसत. गावाबाहेर समुद्राच्या अंगाला एक पडीक शेत होतं, तशा मुलांसाठी. दिवस मावळल्यावर वडिलांनी त्याला पिठाच्या गोणीत गुंडाळलं आणि निघाले. वारा होता, कंदील विझायला नको म्हणून शालीचा आडोसा धरायला आंटींना बरोबर घेतलं. वडील खणत होते, त्या कंदील धरून उभ्या होत्या. परत आल्यावर वडील आईला एवढंच म्हणाले, कुर केला त्याला.

"त्याच आठवड्यात आम्ही बटाटे कुर केले होते," आंटी म्हणाल्या. "मला दुसरं काय वाटणार?"

त्या खिडकीतून बर्फाखालच्या वाफ्याकडे बघत होत्या.

"मी रोज बघायला जायचे. बटाट्यांना पानं आली. त्याला काही येईना. एक दिवस जेवताना मी आईला विचारलं, बटाटे वर आले, मग आपलं बाळ कधी वर येणार? आईने मला मारलं. त्याआधी नाही, त्यानंतर नाही, तेवढंच एकदा. आणि मग त्या घरात त्याच्याबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. मीसुद्धा नाही. नवऱ्यालाही नाही सांगितलं. त्याला मुलं हवी होती. मी त्याला म्हटलं, मला होत नाहीत."

बाहेर छपरावरचं बर्फ धप्पकन खाली पडलं. आंटी दचकल्या आणि पुढची काही मिनिटं आयरिशमध्ये बोलल्या. मी त्यांचा हात धरून ऐकत बसले. त्यांच्यावर रागवायला हवं होतं, असं नवरा नंतर म्हणाला. त्याला खड्ड्याचं सांगितल्यावर तो दोन दिवस वर आंटींकडे बघायला तयार नव्हता. मला राग येईना. मला फक्त एवढं कळत होतं, की जिन्यावर बसून ही बाई इतके महिने माझी चाहूल घेत होती ती एकाच कारणासाठी. दाई पाणी आणायला वळली तसं परत व्हायला नको.

मुलगी घरी आली तेव्हा थंडी मागे सरत होती. जमीन मऊ झाल्याबरोबर आंटींनी खड्डा स्वतः बुजवला. नवऱ्याने मदतीला फावडं उचललं तर त्यांनी त्याला हाकलून दिलं.

मग त्यांना नवी भीती लागली. नळाचं पाणी ओतताना आपण कुठले शब्द म्हणालो, हे त्यांना आठवेना. बरोबर म्हणालो की नाही? आयरिशमध्ये की इंग्रजीत? नुसतंच पाणी ओतलं असेल तर? बाप्तिस्मा लागला नसेल तर? त्यांची झोप उडाली. शेवटी आम्ही फादरकडे गेलो. फादर तरुण होते, केरळचे, त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, अशा वेळेसाठीही सोय आहे. मी असं म्हणेन की तुझा बाप्तिस्मा आधी झाला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो.

"नसेल तर?" आंटी म्हणाल्या. "देवाला नक्की माहीत नाही का?"

"देवाला माहीत आहे," फादर म्हणाले. "हे तुमच्यासाठी आहे, आंटी."

त्यांच्यासाठीही त्या आता आंटीच झाल्या होत्या. त्या रविवारी मुलीला हातावर धरून गॉडमदर म्हणून आंटीच उभ्या राहिल्या. पाणी पडल्यावर मुलगी किंचाळली आणि सगळ्या चर्चमध्ये ते ऐकून एकट्या आंटींना बरं वाटलं.

सप्टेंबरात एक दिवस त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "मला एअरपोर्टवर सोडशील?" तिकीट काढून झालं होतं. टोरोंटोला आल्यापासून त्या एकदाही आयर्लंडला परत गेल्या नव्हत्या. ज्या विमानांवर त्या इतकी वर्षं पाणी शिंपडत होत्या, त्यांतल्या एकात आता स्वतः बसणार होत्या. सिक्युरिटीच्या दाराशी त्यांनी माझं मनगट असं धरलं, की दुसऱ्या दिवशी वळ होते. "मी जाऊ नको का?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आंटी, जा." त्या गेल्या. मागे वळून बघितलं नाही.

तीन आठवड्यांनी मी त्यांना आणायला गेले. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. आम्ही हायवेला लागलो.

"सापडलं?" मी शेवटी विचारलं.

"शेत सापडलं. तो नाही सापडला." त्या समोर बघत होत्या. "साधे दगड आहेत, पुष्कळ. कुठला कुणाचा, कुणालाच माहीत नाही. मी सगळ्यांजवळ थोडं थोडं बसले. गायी होत्या. गायींची भीती वाटली."

"मग?"

"मग एक बाई आली. माझ्याहून म्हातारी, काठी टेकत. थर्मास घेऊन. तिने मला आयरिशमध्ये विचारलं, तुझा इथे कोण? मी म्हटलं, भाऊ. ती म्हणाली, माझी मुलगी. कुठला दगड, ते तिलाही माहीत नव्हतं. तिच्या नवऱ्याने तिला सांगितलंच नव्हतं आणि आता तो नव्हता. दर महिन्याला येते म्हणाली. घरी बागेत जाते असं सांगून येते."

"आणि?"

"चहा प्यायलो. पाऊस आला. तिच्या गाडीत जाऊन बसलो." मग आमची एक्झिट आल्यावर आंटी म्हणाल्या, "तिने माझा फोन नंबर घेतला. मी दिला. चूक तर नाही ना केली?"

पुढच्या रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, वर फोन वाजला. फोन वाजला की आंटी नेहमी दचकायच्या; तीन-चार घंट्या झाल्या तरी त्या उचलेनात. मी जिन्याशी जाऊन हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी उचलला. सुरुवातीला नुसतं हं, हं. मग त्या बोलायला लागल्या, हळू, अडखळत, खूप दिवसांनी पायात घट्ट चप्पल चढवून चालावं तशा. मग वेग आला. मी मुलीला पाजत बसले होते. एक शब्द कळत नव्हता. बराच वेळ तसंच चाललं आणि मग पलीकडून त्या बाईने काय सांगितलं कोण जाणे, आंटी हसल्या. इतक्या मोठ्याने हसल्या, की मुलगी दूध सोडून दचकली आणि रडायला लागली.